वारेची साक्ष

पूर्वी घरांत बाळंतपण झालें म्हणजे ओसरीवर बसलेली पुरुषमंडळी एकच प्रश्न विचारीत : मुलगा कीं मुलगी? माजघरांतल्या वडीलधाऱ्या बायकांचा प्रश्न निराळा असे. "वार पडली का?" हें कळल्यावांचून त्यांचा जीव खालीं पडत नसे. मूल सुखरूप आलें तरी वार आंत अडकली तर रक्त जाऊन बाळंतीण दगावते, हें त्यांना पुस्तकांवांचून ठाऊक होतें. पण एकदां वार सबंध पडली, कीं तिचें काम संपलें. ती मडक्यांत घालून परसांत पुरीत, आणि पुढें कोणालाहि तिची आठवण राहत नसे. आजच्या इस्पितळांत ती पिवळ्या पिशवींत बांधून नष्ट करण्यास जाते. आठवण तेव्हांहि राहत नव्हती, आतांहि राहत नाहीं.

जी वस्तु नऊ महिने बाळाचें फुप्फुस होते, आंतडें होते आणि मूत्रपिंडहि होते, तिच्याविषयीं सुशिक्षित घरांतूनहि इतकी बेपर्वाई असावी याचें नवल वाटतें. २०१९ च्या अखेरीस चीनमधील वूहान शहरांत उद्भवून २०२० सालीं जगभर पसरलेल्या करोनाच्या साथीनें गरोदर स्त्रियांसंबंधीं डॉक्टरांना पुष्कळ शिकविलें. परंतु त्यांतला सर्वांत महत्त्वाचा धडा या टाकून दिल्या जाणाऱ्या वस्तूनें दिला आहे. तो असा कीं, करोनाचा विषाणु पोटांतल्या बाळापर्यंत बहुधा पोंचत नाहीं. मात्र क्वचित् प्रसंगीं तो बाळाची वारच मारून टाकतो; आणि मग बाळ रोगानें नव्हे, तर श्वास कोंडून जातें. आईला त्या वेळीं साधें पडसें आणि अंगावर काढण्याजोगा ताप, एवढेंच असूं शकतें. ही गोष्ट एकट्या गर्भवतीनें नव्हे, तर तिच्याभोंवतीं वावरणाऱ्या सासू, जाऊ, नणंद, नवरा, सासरे या सर्वांनींच समजून घेण्यासारखी आहे.

प्रथम वार म्हणजे काय, तें पाहूं. दिवस भरून जी वार पडते ती सुमारें अर्धा किलो वजनाची, वीतभर व्यासाची आणि इंचभर जाड अशी थाळीसारखी असते. बाळाकडची तिची बाजू गुळगुळीत व चकचकीत. तिच्यावर नाळेपासून निघालेल्या रक्तवाहिन्या झाडाच्या मुळांसारख्या पसरलेल्या दिसतात. आईकडची बाजू गडद लाल, मांसल आणि पंधरा-वीस उंचवट्यांत विभागलेली. आयुर्वेदाच्या ग्रंथांत तिला अपरा म्हटलें आहे. आईचें रक्तच बाळाच्या अंगांत खेळतें, ही समजूत फार जुनी आणि तितकीच चुकीची आहे. अठराव्या शतकांत लंडन येथें विल्यम हंटर व जॉन हंटर या बंधूंनीं रक्तवाहिन्यांत रंगीत मेण भरून दाखवून दिलें कीं, आईच्या रक्ताचा मार्ग वेगळा आणि बाळाच्या रक्ताचा वेगळा. विल्यम हंटरचा गर्भाशयाच्या रचनेवरील मोठा चित्रग्रंथ १७७४ सालीं निघाला; त्यांतलीं चित्रें आजहि पाहत राहावें अशीं आहेत.

हे दोन प्रवाह एकमेकांस न मिसळतां व्यवहार कसा करतात, यांत वारेची सारी खुबी आहे. गर्भाशयाच्या भिंतींतून सुमारें शंभर नागमोडी धमन्या वारेच्या आंतल्या पोकळींत उघडतात आणि तेथें आईचें रक्त कारंज्यासारखें उडतें. त्या पोकळींत बाळाकडून आलेले असंख्य बारीक अंकुर पाण्यांत बुडालेल्या शेवाळाच्या झुपक्यांप्रमाणें लोंबत असतात. अंकुराच्या आंत बाळाचें रक्त, बाहेर आईचें, आणि मध्यें अतिशय पातळ असा पडदा. प्राणवायु, साखर, क्षार हीं आईकडून बाळाकडे जातात. बाळाच्या अंगांतली घाण आईकडे येते. दिवस भरत आले म्हणजे या पोकळींतून दर मिनिटास अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहतें. सगळ्या अंकुरांचें आवरण उलगडून पसरतां आलें, तर तें दहा ते चौदा चौरस मीटर जागा व्यापील. म्हणजे वीतभर थाळींत एका लहानशा खोलीएवढी जमीन घडी घालून ठेविलेली आहे म्हणा ना!

अंकुरांवरचें हें आवरण मोठें विलक्षण आहे. शरीरांतले इतर पडदे विटांच्या भिंतीसारखे, पेशीशेजारीं पेशी बसवून रचलेले असतात. दोन विटांमध्यें सांधा आला, आणि सांध्यांतून चोर शिरण्याचें भय आलें. वारेच्या अंकुरांवर मात्र सांधाच नाहीं. असंख्य पेशी एकमेकींत विरून त्यांचा एक सलग लेप बनला आहे. पेशी अशा जोडून देणाऱ्या प्रथिनाला सिन्सिटिन म्हणतात. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून असें दिसून आलें कीं, हें प्रथिन बनविण्याची कृति आपल्या पूर्वजांच्या बीजांत लक्षावधि वर्षांपूर्वीं शिरलेल्या एका विषाणूकडून आलेली आहे. विषाणूंना दाराबाहेर ठेवणारी भिंत बांधण्याचें कसब मनुष्यजातीनें एका विषाणूपासूनच उचलावें, ही गंमत पुराणांतल्या एखाद्या कथाकारालाहि सुचली नसती.

ही भिंत अभेद्य मात्र नाहीं. १९४१ सालीं सिडनी येथील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांच्या ध्यानांत आलें कीं, मोतीबिंदु घेऊनच जन्मलेल्या पुष्कळशा अर्भकांच्या आयांना गरोदरपणाच्या आरंभीं जर्मन गोंवर येऊन गेला होता. त्यापूर्वीं असल्या साध्या आजारानें पोटांतल्या बाळाला कांहीं अपाय होत असेल हें कोणी मानलें नसतें. पुढें २०१५-१६ सालीं ब्राझीलमध्यें झिका विषाणूची साथ आली, आणि डोकें लहान राहिलेलीं मुलें जन्मलीं. त्यामुळें करोनाची साथ सुरू होतांच जगभरच्या प्रसूतितज्ज्ञांना हीच धास्ती पडली : हाहि विषाणु वार ओलांडून बाळांत व्यंग निर्माण करणार काय?

तसें झालें नाहीं. करोना झालेल्या मातांच्या पोटीं आलेल्या मुलांपैकीं शेंकडा दोनहून कमी मुलांच्या तपासणींत विषाणु सांपडला, आणि त्यांतहि पुष्कळांना तो जन्मानंतर लागलेला असावा. याचें एक कारण असें कीं, हा विषाणु श्वासमार्गांत मुक्काम करतो. आईच्या रक्तांत तो थोड्या वेळांच उतरतो. दुसरें कारण वारेच्या पेशींत आहे. या विषाणूला पेशींत शिरण्यास दोन गोष्टी लागतात. एक, पेशीवरची एसीई-२ नांवाची कडी, जिला तो अडकतो. दुसरी, टीएमपीआरएसएस-२ नांवाची कात्री, जी त्याचें टोंक कापून त्याला आंत जाण्यास मोकळें करते. २०२० सालीं डेट्रॉइट येथील संशोधकांनीं वारेच्या पेशी एकेक करून तपासल्या, तेव्हां कडी आणि कात्री एकाच पेशींत असल्याचें फार क्वचित् आढळलें. झिकाला लागणाऱ्या कड्या मात्र तेथें विपुल होत्या.

तरीहि वार ओलांडल्याचीं खात्रीचीं उदाहरणें आहेत. पॅरिसजवळच्या क्लामार येथील इस्पितळांत मार्च २०२० मध्यें जन्मलेल्या एका मुलाच्या बाबतींत आईचें रक्त, गर्भजल, वार आणि मूल हीं सर्व तपासलीं गेलीं. सर्वांत अधिक विषाणु सांपडला तो वारेंत. पुण्याच्या ससून इस्पितळानेंहि त्याच वर्षीं असें एक उदाहरण नोंदविलें. तेथें आईच्या घशाची तपासणी निर्दोष निघाली होती. परंतु वार, बाळाच्या नाळेचा तुकडा आणि बाळाचें नाक-घसा या तिन्ही ठिकाणीं विषाणु सांपडला. आईला संसर्ग होऊन गेल्याचें मागाहून तिच्या रक्ताच्या तपासणींत दिसलें. मूल फार आजारी झालें होतें, पण बरें होऊन घरीं गेलें.

हीं उदाहरणें वर्तमानपत्रांत गाजलीं. परंतु बाळाला संसर्ग होणें हा या गोष्टीचा लहानसा भाग आहे. खरा अनर्थ दुसरीकडे आहे, आणि तो मूल जिवंत राहिलें असतें तर कदाचित् कोणाच्या नजरेसहि आला नसता.

२०२० च्या मे महिन्यांत शिकागो येथील विकृतिशास्त्रज्ञांनीं करोना झालेल्या सोळा स्त्रियांच्या वारा सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून आपला वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांना पुष्कळ वारांत आईकडून येणारा रक्तपुरवठा नीट नसल्याचीं चिन्हें दिसलीं : धमन्यांच्या भिंती बिघडलेल्या, कांहीं ठिकाणीं गुठळ्या. करोनानें रक्त गोठण्याचा कल वाढतो, हें तोंपर्यंत इतर रोग्यांवरून कळलेलेंच होतें. पुढील वर्षांत अठरा देशांतील रुग्णालयांनीं मिळून केलेल्या पाहणींत करोना झालेल्या गर्भवतींमध्यें प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणांत रक्तदाब वाढून वार व मूत्रपिंडें यांवर ताण येण्याचा विकार, इतरांच्या मानानें पावणेदोन पट आढळला. त्यावरून वारेच्या रक्तवाहिन्यांस या आजाराची झळ लागते, असें मानण्यास जागा आहे. तथापि शिकागोस जें दिसलें तें सर्वच अभ्यासांत सारख्या प्रमाणांत दिसलें नाहीं. आणि असल्या किरकोळ खुणा असूनहि बहुतेक मुलें धडधाकट जन्मलीं. वारेजवळ शिल्लक पुष्कळ असते. तिचा कांहीं भाग निकामी झाला तरी उरलेला भाग संसार चालवितो.

ही शिल्लकच संपते असा जो दुसरा प्रकार, त्याला शास्त्रज्ञांनीं करोनाचा वारदाह असें नांव दिलें. तो विरळा आहे, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. नाहीं तर हें वाचून घरोघरच्या गर्भवती उगाच धास्तावतील. परंतु तो होतो तेव्हां तीन गोष्टी एकदम होतात. विषाणु अंकुरांवरच्या त्या सलग लेपांत शिरतो आणि तो लेप जागच्या जागीं मरतो. मेलेला भाग उचलण्यासाठीं आईच्या रक्तांतल्या भक्षक पेशी पोकळींत गर्दी करतात. आणि जखमेवर खपली धरावी त्याप्रमाणें रक्त गोठवणारा फायब्रिन नांवाचा चिकट तंतुमय पदार्थ अंकुरांभोंवतीं सांचूं लागतो. खपली जखमेवर बरी; पण येथें ती कारंज्याच्या हौदांत धरते आहे. हौद चुन्यानें भरावा तशी पोकळी भरून येते, आईचें रक्त अंकुरांपर्यंत पोंचत नाहीं, आणि बाळाचा प्राणवायु बंद होतो. अशी वार कापून पाहिली तर तिचा स्पंजासारखा मऊपणा गेलेला असतो. ती फिकट व घट्ट लागते.

याचा सर्वांत मोठा पुरावा २०२२ सालीं पुढें आला. बारा देशांतील चव्वेचाळीस तज्ज्ञांनीं मिळून अडुसष्ट बाळांच्या वारा तपासल्या. त्यांतलीं चौसष्ट पोटांतच गेलीं होतीं, आणि चार जन्मल्यावर. सर्वांच्या सर्व वारांत लेप मेलेला होता व फायब्रिन सांचलेलें होतें. सहासष्ट वारांत भक्षक पेशींची गर्दीहि होती. सरासरीनें वारेचा शेंकडा ७७.७ भाग नष्ट झालेला होता, म्हणजे रुपयांतले बारा आण्यांहून अधिक! यांतल्या तीस बाळांचें शवविच्छेदन झालें होतें. त्यांपैकीं एकोणीस बाळांच्या शरीरांत प्राणवायु न मिळाल्याच्या खुणांपलीकडे कांहींहि दोष नव्हता. हें वाक्य ज्या घरांत अशी घटना घडली असेल त्या घरानें दोनदां वाचावें. हात, पाय, हृदय, मेंदु, सर्व कांहीं जेथल्या तेथें होतें. बाळांत खोट नव्हती. अर्थात् हीं सर्व उदाहरणें मृत बाळांचींच निवडलेलीं होतीं. वारदाह झाला असूनहि वेळेवर बाहेर काढल्यामुळें वांचलेलीं मुलेंहि अन्यत्र नोंदलेलीं आहेत, आणि तीं विसरूं नयेत.

आयर्लंडमधील अनुभव याहून बोलका आहे. तेथें २०२१ च्या आरंभींच्या महिन्यांत, अल्फा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराचा जोर असतां, सहा मृतजन्म व एक गर्भपात असे सात प्रसंग विकृतिशास्त्रज्ञांच्या हातीं आले. सातांच्याहि वारांत वर सांगितलेलें चित्र होतें. आईला करोना झाल्याचें निदान झाल्यापासून तीन आठवड्यांच्या आंत मूल गेलें होतें. एरवीं वार कमजोर असली तर बाळाची वाढ हळूहळू खुंटते, पोट लहान दिसतें, सोनोग्राफींत तें आठवडेच्या आठवडे आधीं लक्षांत येतें. येथें तशी सूचना मिळण्यास अवकाशच नसतो. आणि आईचा आजार जितका तीव्र तितकी वारेची हानि अधिक, असाहि हिशेब नाहीं.

मुंबईचें एक उदाहरण तर फारच विचार करण्यासारखें आहे. परळ येथील प्रजनन-आरोग्य विषयक राष्ट्रीय संशोधनसंस्थेच्या शास्त्रज्ञांनीं तें नोंदविलें आहे. एका स्त्रीस गरोदरपणाच्या आठव्या आठवड्यांत करोना असल्याचें तपासणींत दिसलें. तिला त्रास असा कांहींच नव्हता. तेराव्या आठवड्यांत तिचा घसा स्वच्छ निघाला. परंतु सोनोग्राफींत बाळाच्या अंगावर सूज दिसली आणि हृदयाचे ठोके बंद होते. वार तपासली तेव्हां विषाणु तेथें पांच आठवडे दडून राहिलेला होता. अंकुर रक्तहीन झाले होते आणि त्यांच्याभोंवतीं फायब्रिन जमलें होतें. आई बरी झाली म्हणजे वारहि बरी झाली, असें गृहीत धरतां येत नाहीं, हें या एका उदाहरणानें शिकविलें.

आतां थोडे आंकडे. अमेरिकेंत मार्च २०२० पासून सप्टेंबर २०२१ पर्यंत इस्पितळांत झालेल्या साडेबारा लक्ष बाळंतपणांचा हिशेब तेथील सरकारी रोगनियंत्रण संस्थेनें मांडला. बाळंतपणाच्या वेळीं करोना असलेल्या स्त्रियांत मृतजन्माचें प्रमाण शेंकडा १.२६ होतें, करोना नसलेल्यांत ०.६४. डेल्टा प्रकाराच्या दिवसांत तेंच प्रमाण २.७० विरुद्ध ०.६३ झालें. म्हणजे त्या वाईट दिवसांतहि शंभरांतल्या सत्त्याण्णवांहून अधिक बाळंतपणांत मूल जिवंत जन्मलें. पण धोका चौपट झाला होता, हेंहि खरें. स्कॉटलंडमध्यें करोना झाल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आंत ज्या स्त्रिया प्रसूत झाल्या, त्यांच्या दर हजार जन्मांमागें २२.६ बाळें पोटांत किंवा जन्मानंतर पहिल्या महिन्यांत दगावलीं; एकंदर लोकांत हें प्रमाण ५.६ होतें. आणि त्या करोनानंतरच्या प्रत्येक बालमृत्यूंत आईनें संसर्गापूर्वीं लस घेतलेली नव्हती.

आपल्याकडे याच वेळीं काय स्थिति होती? मुंबईच्या नायर इस्पितळाच्या साह्यानें परळच्या वर उल्लेखिलेल्या संस्थेनें गरोदर व बाळंतीण स्त्रियांची करोना-नोंदवही ठेविली होती. तिच्यांतल्या १५३० स्त्रियांचा हिशेब २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. पहिल्या लाटेंत यांपैकीं शेंकडा ०.७ स्त्रिया दगावल्या होत्या. दुसऱ्या लाटेंत ५.७. आणि दुसऱ्या लाटेच्या ऐन भरांत, एप्रिल-मे २०२१ मध्यें, गर्भवतींना लस घेण्याची भारतांत परवानगीच नव्हती. ती २ जुलै २०२१ रोजीं मिळाली. लसींच्या मूळ परीक्षणांतून गर्भवतींना वगळण्याची जी रीत आहे ती त्यांच्या रक्षणासाठीं असते असें सांगतात. त्या उन्हाळ्यांत त्या रीतीनें कोणाचें रक्षण केलें, हा प्रश्न विचारल्यावांचून राहवत नाहीं.

परवानगी मिळाल्यावरहि लस घेण्यास पुष्कळ घरांतून विरोध झाला. लसीनें वार नासते, सिन्सिटिनवर घाला पडून स्त्री वांझ होते, अशी एक बातमी २०२० च्या डिसेंबरांत परदेशांत उठली आणि दूरध्वनीच्या पडद्यावरून आपल्या देवघरापर्यंत येऊन पोंचली. विषाणूच्या टोंकावरचें प्रथिन आणि सिन्सिटिन यांत लक्षांत घेण्याजोगें साम्य नाहीं. तसें असतें तर लसीच्या आधीं प्रत्यक्ष करोनानेंच असंख्य स्त्रिया वांझ व्हावयास हव्या होत्या. शिकागोच्याच शास्त्रज्ञांनीं लस घेतलेल्या ८४ स्त्रियांच्या वारा न घेतलेल्या ११६ स्त्रियांच्या वारांशीं ताडून पाहिल्या. लसीमुळें वारेस इजा झाल्याची खूण त्यांना कोठें सांपडली नाहीं.

ओमायक्रॉन प्रकार आल्यापासून, आणि बहुतेकांच्या अंगीं लसीनें वा आजारानें प्रतिकारशक्ति आल्यापासून, वारदाहाचे प्रसंग पुष्कळच कमी झाले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनें ५ मे २०२३ रोजीं जागतिक आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. विषाणु मात्र गेलेला नाहीं. तो पडशाच्या रूपानें घरोघर येतो-जातो. दहा-बारा माणसांच्या घरांत एक शाळकरी मुलगा शिंकत आला कीं आठवड्यांत सारें घर शिंकूं लागतें, हें काय सांगावयास हवें? घरांत गर्भवती असेल तर त्या शिंकणाऱ्यानें तिच्याजवळ चार दिवस बसूं नये, खिडक्या उघड्या ठेवाव्यात; आणि तिला स्वतःला ताप आला तर तपासणी करून घ्यावी, काढा देऊन वाट पाहत बसूं नये. लस घ्यावयाची ती केव्हां व कोणती, हें तिच्या डॉक्टरांना विचारून ठरवावें.

त्याहून महत्त्वाची आहे बाळाची हालचाल. वारदाहांत पुष्कळदां हीच एक सूचना मिळते. प्राणवायु कमी पडूं लागला म्हणजे बाळ आपली हालचाल आंखडतें, जसा आपण दमल्यावर हातपाय हालवीत नाहीं. दुर्दैव असें कीं, आपल्या घरांतून एक समजूत पक्की बसलेली आहे. सूनबाईनें भीत भीत म्हटलें, "आई, आज बाळ फारसें हाललें नाहीं," तर उत्तर येतें, "अग, दिवस भरत आले कीं जागा कमी पडते, मग नाहीं हालत तें." उत्तर प्रेमाचें असतें, पण खरें नसतें. दिवस भरत आल्यावर लाथेची तऱ्हा बदलेल. लाथा थांबत नाहींत. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर बाळाची रोजची चाल आईच्या ओळखीची झालेली असते. ती चाल मंदावली, विशेषतः गेल्या महिनाभरांत आईला ताप-पडसें होऊन गेलें असतां, तर त्याच दिवशीं, रात्र असली तरी त्याच रात्रीं, इस्पितळांत जाऊन बाळाचे ठोके पाहून घ्यावे. सकाळपर्यंत थांबूं नये. गेल्यावर सारें ठीक निघालें, तर फेरा फुकट गेला म्हणून तिला कोणी बोलूंहि नये; नाहीं तर दुसऱ्यांदा ती सांगणार नाहीं.

आणि इतकें करूनहि मूल गेलें तर? अशा घरांत पहिल्या चार दिवसांत जीं बोलणीं निघतात तीं सर्वांच्या परिचयाची आहेत. हिनें ग्रहणांत भाजी चिरली असेल. हिनें जिना फार चढला-उतरला. हिनें नोकरी सोडली नाहीं. हिचा पायगुणच तसा. बोलणारीं माणसें दुष्ट असतात असें नाहीं. दुःखाला कारण हवें असतें, आणि कारण न सांपडल्यास तें जवळच्या माणसांत शोधलें जातें. खरें कारण मात्र त्याच वेळीं पिवळ्या पिशवींत बांधलें जाऊन इस्पितळाच्या मागल्या दारानें बाहेर पडत असतें. या प्रसंगीं घरांतल्या एका शांत माणसानें, मग तो दीर असो वा आत्या असो, डॉक्टरांना एवढेंच सांगावें कीं, वार टाकूं नका. ती विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठवा. वार पडल्यानंतर लवकरांत लवकर हें सांगितलें पाहिजे, कारण दुसऱ्या दिवशीं ती मिळण्याची खात्री नाहीं. ती फॉर्मॅलिनच्या द्रावणांत ठेवतात आणि मग तिचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. कांहीं घरांत वार पुरण्याची चाल अजून आहे; त्यांनीं हें आधीं इस्पितळाशीं बोलून ठेवावें. तपासणीला वारेचे तुकडे पुरतात.

तपासणीचा कागद हातीं आल्यावर तो कपाटांत लपवूं नये, फाडूं तर मुळींच नये. त्याचा उपयोग पुढल्या खेपेस आहे. भक्षक पेशींची गर्दी आणि फायब्रिनचा थर हीं करोनावांचूनहि, आईच्या शरीराच्या अंतर्गत प्रतिकारांतील बिघाडामुळें, कांहीं स्त्रियांच्या वारेंत दिसतात. तो प्रकार पुढल्या गरोदरपणांत पुन्हां उलटण्याचा बराच संभव असतो, आणि त्यासाठीं पहिल्या महिन्यांपासून वेगळी औषधयोजना व वारंवार सोनोग्राफी करावी लागते. करोनानें झालेला वारदाह हा एका संसर्गाचा परिणाम असल्यामुळें त्याची गोष्ट निराळी आहे. दोहोंचें चित्र सूक्ष्मदर्शकाखालीं पुष्कळसें सारखें दिसतें. वारेंत विषाणु आहे कीं नाहीं हें पाहिल्यावरच त्यांतला भेद कळतो. म्हणून वार पाठवितांना आईला दीड-दोन महिन्यांत ताप, खोकला, पडसें झालें होतें का, घरांत कोणास झालें होतें का, लस केव्हां घेतली होती, हें सर्व सोबतच्या चिठ्ठींत लिहून द्यावें.